हात न लावलेलं पोट

लखनऊच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या त्या वॉर्डात बारा पलंग होते. सकाळी दहाच्या सुमारास मोठे डॉक्टर आले, मागे शिकणारी सात-आठ पोरं-पोरी. त्या दिवशी त्यांना लिवर कसं तपासायचं ते शिकवायचं होतं. उजव्या बरगडीखाली हात ठेवायचा, पेशंटला श्वास ओढायला सांगायचं, लिवर बोटांना लागतं का बघायचं. पहिल्या पलंगापासून सुरू झालं. डॉक्टर दाखवायचे, मग एकेक जण दाबून बघायचा. पेशंट कण्हायचे, पोरं 'सॉरी भैया' म्हणायची आणि पुढे सरकायची.

माझा नवरा नवव्या पलंगावर होता. आठ जणांची पोटं दाबलेली त्यानं पाहिली. आपला नंबर आला म्हणून त्यानं स्वतःच शर्टाची बटणं काढली. शर्ट छातीपर्यंत वर घेतला, बनियन वर घेतलं आणि हात दोन्ही बाजूंना ठेवून सरळ पडून राहिला. डॉक्टरसाहेबांचा वेळ जायला नको म्हणून.

डॉक्टरांनी फाइल उघडली. पहिलं पान पाहिलं आणि मिटली.

"इसको छोड़ो. एचआयवी है, ऊपर से ड्राइवर. दारू, औरत, सब किया होगा. लिवर तो जाना ही था. आगे चलो."

हळू नाही म्हणाले. दहाव्या पलंगावरच्या पेशंटच्या बायकोनं ते ऐकलं आणि आपलं स्टूल आमच्यापासून लांब ओढून घेतलं. पोरं पुढे गेली. दहा दाबलं, अकरा दाबलं, बारा दाबलं. माझा नवरा तसाच. शर्ट वर. पोट उघडं. कोणीतरी परत येईल असं त्याला वाटत होतं.

मी शर्ट खाली ओढला तेव्हा त्यानं विचारलं, "काहून नाही दाबलं वं माझं पोट?"

मी म्हटलं, "घाई असन त्यायले."

खोटं बोलले. मला सगळं ऐकू आलं होतं आणि त्यालाही. दोघंही ऐकून न ऐकल्यासारखं करून राहिलो. मी उठून एक शब्द बोलले असते तर काय झालं असतं ते मला माहीत नाही. पण मी बोलले नाही, हे मला माहीत आहे. ते पाप माझं आहे आणि ते मी दुसऱ्या कोणावर ढकलणार नाही.

आम्ही ढिवर. भंडारा जिल्ह्यातले. तळ्याची माणसं. आमच्याकडे मासोळी आणि शिंगाडा, हीच शेती. माझा बाप तळ्यात उभा, माझा सासरा तळ्यात उभा. माझा नवरा मात्र ड्रायव्हिंग शिकला, कारण त्याला पाण्यातून बाहेर निघायचं होतं. नागपूरला एका मोठ्या कंपनीच्या साहेबाकडे लागला. साहेब आपलेच, मराठी. त्यांची बदली लखनऊला झाली तेव्हा ते म्हणाले, चला आमच्याबरोबर, दोघंही चला. इथं इंदिरा नगरात त्यांचा मोठा फ्लॅट होता. तो गाडी चालवायचा, मी स्वयंपाक करायची. आमची पोरगी तेव्हा सात वर्षांची होती.

मॅडम मला नेहमी म्हणायच्या, "तुम्ही लोक मासे मारणारे ना? पण तुमचे हात किती स्वच्छ हो!" मी हसायची. ते कौतुकच आहे असं मला वाटायचं. आता आठवलं की कानशिलं गरम होतात. पण तेव्हा मी हसायची, हे खरं आहे.

सहा वर्षांपूर्वी त्याचं हर्नियाचं ऑपरेशन करायचं ठरलं. आधी रक्त तपासलं. त्याला एचआयव्ही निघाला. मग माझं तपासलं. मलाही निघाला. पोरीचं तपासलं, तिला नाही. त्या दिवशी मी दवाखान्याच्या जिन्यावर बसून इतकी रडले, आणि ते रडणं सुखाचं होतं. पोरीला नाही!

तो रोग कुठून आला, हे मी इथं लिहिणार नाही. वाचणाऱ्यांना ते पहिल्यांदा जाणून घ्यायचं असतं, मला ठाऊक आहे. सगळ्यांना तेच हवं असतं. कुठून आणला? कोणी आणला? आधी त्याला की आधी तुला? ते आमच्या दोघांचं आहे आणि दोघांतला एक गेला.

ऑपरेशनवाल्यांनी साहेबांना फोन करून सांगून टाकलं. मॅडमनी मला दुसऱ्या दिवशी बोलावलं. ओरडल्या नाहीत. डोळ्यात पाणी आणून म्हणाल्या, "फार वाईट वाटतं हो तुमचं. पण घरात लहान मूल आहे." आणि मग म्हणाल्या, "ही भांडी घेऊन जा. नवीन संसाराला होतील." कढया, पातेली, तवा, पोळपाट-लाटणं, कुकरसुद्धा. चांगली जाड बुडाची भांडी. दोन पोत्यांत भरून दिली. मी वाकून नमस्कार केला त्यांना. रिक्षात बसल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी चार वर्षांत ज्या ज्या भांड्याला हात लावला ते एकूण एक भांडं त्या पोत्यांत आहे. माझ्या हाताचं काहीही त्यांनी घरात ठेवलं नव्हतं. अगदी चहाची गाळणीसुद्धा! आणि मी नमस्कार करून आले होते, मेली.

गोळ्या सुरू झाल्या. एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या सेंटरवर महिन्याला जायचं, रांगेत उभं राहायचं, डबी घेऊन यायचं. गोळ्या घेतल्या की माणूस चांगला राहतो. आम्ही चांगले राहिलो. तेलीबागच्या पुढं, रायबरेली रोडच्या आतल्या बाजूला एक खोली घेतली. ड्रायव्हरची नोकरी त्याला कुठं मिळेना, साहेबाची चिठ्ठी नसली की कोणी गाडीची किल्ली देत नाही. आणि एक दिवस तो घरी आला तो ढोपरापर्यंत चिखलानं भरून, तोंडभर हसत.

"तळं भेटलं वं!"

आमच्या खोलीपासून अर्ध्या कोसावर एका गावाचं तळं होतं. कश्यप नावाचं घर तिथं शिंगाडे लावायचं. कश्यप म्हणजे इथले ढिवरच म्हणा. म्हाताऱ्या कश्यप चाचाला गुडघ्यानं पाण्यात उतरणं होत नव्हतं, मुलं गुजरातला कामाला. माझा नवरा तिथं उभा राहून सांगत होता की वेल फार दाट लावली, विरळ करा. चाचानं विचारलं, तुला कसं कळतं रे? असं ते जमलं. अर्ध्या वाट्यानं आम्ही तळं करायला लागलो.

पाण्यातून निघायला जो माणूस भंडाऱ्याहून लखनऊला आला, तो परत पाण्यात उतरला आणि त्याला इतकं खुश मी कधी पाहिलं नव्हतं. गाडीच्या ट्यूबवर बसून तो वेलींमधून फिरायचा. गाणं म्हणायचा, सूर नसलेलं. मी काठाकाठानं कमरेइतक्या पाण्यात. शिंगाडा तयार झाला की नाही हे आम्ही दातानं पाहतो. दोन्ही हात वेलीत गुंतलेले असतात, सुरी कोण धरणार? तोडायचा, पुढच्या दातांत धरायचा, साल फोडायची. आत दूध असलं तर अजून आठ दिवस. गर घट्ट असला तर तोडा. दिवसाला शंभर वेळा दात लावायचा. माझी माय असंच करायची, तिची माय असंच. त्याच तळ्यात गावच्या म्हशी दुपारभर बसलेल्या असायच्या. त्याचं आम्हाला काय? तळं म्हटलं की म्हशी आल्याच.

दिवाळीच्या पुढंमागं तेलीबागच्या बाजारात मी हातगाडी लावायची. एका टोपल्यात हिरवे, एका पातेल्यात उकडलेले. पोरगी शाळेतून यायची आणि गाडीपाशी उभं न राहता लांबूनच म्हणायची, "मम्मी, चाभी दो." तिच्या मैत्रिणींना बाप ड्राइवर म्हणून माहीत होता. शिंगाडेवाला म्हणून नाही. मी मराठीत बोलायची, ती हिंदीत उत्तर द्यायची. मी तिला रागावले नाही, कारण आम्हीसुद्धा तेच करत होतो. घरमालकाला आम्ही 'ड्राइवर' सांगितलं होतं. शाळेच्या फॉर्मवर 'ड्राइवर'. आणि होळीनंतर तो आजारी पडला तेव्हा हॉस्पिटलच्या कागदावरही त्यानं 'ड्राइवर'च सांगितलं.

मी त्याला बाहेर आल्यावर विचारलं होतं, "ड्राइवर काहून सांगतला? तीन वर्षं झाले गाडी सोडून."

तो म्हणाला, "ढिवर सांगतला असता त मंग त्याहून खाली बसवलं असतं. एक कलंक पुरे नाही का?"

एचआयव्हीचा कलंक लपवता येत नव्हता, तो फाइलवरच होता. म्हणून दुसरा लपवला. मला तेव्हा ते शहाणपणाचंच वाटलं.

आजार असा होता. आधी ताप. मग अंगावर गांधी उठायच्या, खाजून खाजून रक्त. मग उजव्या बरगडीखाली दुखायचं, तिथं हात ठेवूनच तो झोपायचा. जेवण जाईना. वजन उतरायला लागलं. सेंटरवाल्यांनी मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथं फोटो काढला, लिवरवर डाग दिसले, सूज दिसली. एका डॉक्टरनं विचारलं, "कितनी पीते थे?" तो म्हणाला, "नहीं पीता साहब." डॉक्टर हसला. "सब यही बोलते हैं." आणि लिहिलं. माझ्या नवऱ्यानं लग्नाच्या आधी दोनदा प्यायली होती, दोन्ही वेळा ओकला होता, नंतर कधी हात लावला नाही. हे मी सांगायला गेले तर नर्स म्हणाली, "आप बाहर बैठिए."

मग म्हणाले, एचआयव्हीच्या गोळ्यांनीही लिवर बिघडतं, गोळ्या बंद करा. बंद केल्या. ज्या गोळ्यांवर तो उभा होता त्याच काढून घेतल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. चोर आत बसला होता, पित्ताच्या नळीत, आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तो चोर कोण हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण शोधायचं काम माझं होतं का?

जेठ महिन्यात तो गेला. पिवळा झाला होता, डोळे हळदीसारखे. शेवटचे दोन दिवस ताप उतरलाच नाही. इन्फेक्शन रक्तात गेलं म्हणाले. मला त्याचे पाय धुवायचे होते. आमच्यात बायको पाय धुते. दिलं नाही धुवायला. प्लास्टिकमध्ये बांधून दिला आणि वरून टेप लावला. कागदावर काय लिहिलंय म्हणून पोरीला वाचायला सांगितलं. ती इंग्रजी वाचते. तिनं एकदा वाचलं, परत वाचलं.

"मम्मी, इसमें लिखा है शराब से."

"तुझा बाप प्यायचा नाही."

"मुझे पता है," ती म्हणाली, आणि कागद घडी करून माझ्या हातात दिला. दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही. माझ्यावर राग होता का जगावर, मी विचारलं नाही.

तळं सोडून मी काय खाणार होते? पुढची दोन वर्षं मी एकटीनं केलं. ट्यूबवर बसायला शिकले. दात लावत राहिले, शिंगाडे फोडत राहिले. कश्यप चाची मदतीला यायची. आणि मग एका माघात, उजव्या बरगडीखाली, बरोब्बर त्याच जागी, मला दुखायला लागलं.

बापा रे बापा, ती भीती! तशी भीती मला एचआयव्हीचा रिपोर्ट ऐकताना वाटली नव्हती. मी आरशात डोळे ताणून बघायची. एक दिवस पांढरं पिवळं झालं. पोरगी दहावीला होती. मी मेले तर ती कोणाकडे जाणार? भंडाऱ्याला माझा भाऊ आहे, त्यानं आमचा रोग कळल्यापासून फोन घेतलेला नाही. मला जगायचं होतं. हे मी साधं सरळ सांगते. देवासाठी नाही, धर्मासाठी नाही. पोरगी अठरा वर्षांची होईपर्यंत मला जगायचं होतं.

सेंटरनं चिठ्ठी दिली. तेच हॉस्पिटल, तसाच वॉर्ड, बायकांचा. मला चौथा पलंग मिळाला. तिसऱ्या दिवशी सकाळी तेच मोठे डॉक्टर आले. मागे नवी पोरं-पोरी. पहिला पलंग दाबला. दुसरा दाबला. तिसरा दाबला.

त्यांनी फाइल उघडली. वाचली. मला ओळखलं नाही, कशाला ओळखतील.

"एचआयवी. हस्बैंड भी इसी में गया. इनका लिवर ऐसा ही मिलेगा. आगे."

आणि पाऊल उचललं.

मी पलंगावरून उतरले. सलाईन लागलेलं होतं, ते ताणलं गेलं, हातातून रक्त आलं. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले, चौथ्या आणि पाचव्या पलंगाच्या मधे. वाट अरुंद होती. मला ढकलल्याशिवाय त्यांना जाता येत नव्हतं, आणि त्यांना मला हात लावायचा नव्हता म्हणून ढकलताही येत नव्हतं. हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं आणि मला हसू आलं. खरंच आलं.

मी म्हटलं, "पहले हाथ लगाइए. फिर आगे जाइए."

"ड्रामा मत करो. बेड पर जाओ."

"मेरे आदमी का पेट नहीं देखा था. वो शर्ट उठाकर पड़ा रहा. मेरा देखिए."

"सिस्टर! इनको बिठाओ."

सिस्टर आली, माझा दंड धरायला हात पुढे केला, मग हातमोजे नाहीत म्हणून मागे घेतला. सगळा वॉर्ड बघत होता. मी हलले नाही. मनात एकच होतं की आज बसले तर मेले.

तेवढ्यात मागच्या पोरांतली एक चष्मेवाली पोरगी म्हणाली, "सर, मैं देख लूँ?" डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, म्हणाले, "दो मिनट," आणि खिडकीशी जाऊन फोन काढला.

मी पलंगावर पडले. तिनं तळहात एकमेकांवर चोळून गरम केले आणि माझ्या पोटावर ठेवले. रोग निघाल्यापासून दवाखान्यात कोणी माझ्या पोटाला हात लावला नव्हता. मला रडू आलं. तिला वाटलं दुखलं, तिनं हात उचलला. मी म्हटलं, राहू दे. रखिए.

तिनं दाबलं, श्वास घ्यायला सांगितला, परत दाबलं. आणि मग तिनं जे विचारलं ते आजवर एकाही डॉक्टरनं, नर्सनं, सेंटरवाल्यानं विचारलं नव्हतं.

"आप काम क्या करती हैं?"

माझ्या तोंडात 'ड्राइवर की बीवी' आलं होतं. सवय. ते मी गिळलं.

"ढिवर हूँ. मतलब मछुआरा. तालाब में सिंघाड़ा लगाती हूँ. वो भी यही करता था. ड्राइवर झूठ लिखाया था."

"सिंघाड़ा कच्चा खाती हैं?"

"दाँत से फोड़ते हैं. दिन भर."

"तालाब में जानवर आते हैं?"

"भैंसें बैठती हैं."

ती एकदम खिडकीकडे गेली. काय बोलली ऐकू आलं नाही. डॉक्टरांनी फोन खाली घेतला. परत माझ्या पलंगापाशी आले. आणि या वेळी त्यांनी हात लावला. मोजे घालून, पण लावला.

पुढचं भराभर झालं. रक्तातल्या एका जातीच्या पेशी खूप वाढलेल्या निघाल्या. तशा त्या माझ्या आधीच्या कागदावरही वाढलेल्या होत्या, कोणी पाहिलं नव्हतं. तीन दिवस संडासची तपासणी झाली आणि तिसऱ्या दिवशी अंडी सापडली. लिवरमधल्या किड्याची. मग तोंडातून नळी घालून पित्ताच्या नळीतून तो काढला. मी मागून घेतला बघायला. सिस्टर नको म्हणत होती. छोट्या बाटलीत होता, चपटा, पानासारखा, अंगठ्याएवढाही नाही. गोगलगाईतून तो पाण्यात येतो, पाण्यातून वेलीवर, शिंगाड्याच्या सालीवर चिकटून बसतो, आणि तिथून आमच्या दातांत. म्हशींना होतो तोच. चष्मेवालीनं मला कागदावर चित्र काढून समजावलं.

त्यावरचं औषध दुकानात मिळत नव्हतं. लिहून मागवावं लागलं. आलं. मी दोन वेळा घेतलं. एचआयव्हीच्या गोळ्या बंद केल्या नाहीत, एकही दिवस नाही. डोळे पांढरे झाले. लिवरवर वण राहिलेत, ते राहतील, असं ती म्हणाली. दोन रोग एकाच घरात राहत होते आणि मोठ्याचं नाव पुढे करून धाकटा लपला होता.

घरी आले आणि मी आडवी पडले ती दोन दिवस उठले नाही. माझा जीव वाचला म्हणून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला एकच दिसत होतं. तीन प्रश्न. फक्त तीन प्रश्न आणि एक हात, एवढ्यानं तो जगला असता! त्याच्या पोटातही तेच असणार. डॉक्टर म्हणतात, आता सांगता येणार नाही. मला सांगता येतं. आम्ही एकाच तळ्यात उभे होतो.

कश्यप चाचा-चाचीला मी दुसऱ्याच आठवड्यात नेऊन तपासून घेतलं. चाचीला निघाला. ती रडत म्हणाली, "हमको तो वो वाली बीमारी नहीं है, फिर?" मी म्हटलं, चाची, किडा जात विचारत नाही. आता आम्ही कमरेला छोटी सुरी बांधतो. कामाला उशीर होतो. होऊ दे.

दोन महिन्यांनी हॉस्पिटलातून फोन आला. मोठ्या डॉक्टरांचा माणूस. म्हणाला, तुमची केस फार वेगळी आहे, बाहेरून डॉक्टर येणार आहेत, हॉलमध्ये तुम्हाला दाखवायचं आहे. सर पोटाची तपासणी करून दाखवतील. गाडी पाठवतो. नाव सांगणार नाही, तोंड झाकू.

मी गेले. हॉलमध्ये नाही, डॉक्टरांच्या खोलीत. म्हटलं, "आऊँगी. मेरे आदमी की फाइल भी लाइए. उसमें शराब लिखा है, वो काटिए. और सबके सामने बताइए कि उसका पेट क्यों नहीं देखा."

ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "देखिए, आप ठीक हो गईं ना? पुरानी बातें छोड़िए."

मला मॅडम आठवल्या. हाच आवाज. मी नमस्कार न करता बाहेर आले.

अर्ज करायचा ठरवला. पोरीला म्हटलं, हिंदीत लिही. तिनं वही घेतली, दोन ओळी लिहिल्या आणि थांबली.

"मम्मी, एचआयवी लिखना पड़ेगा?"

"लिहावं लागेल. त्याच्यामुळंच तर नाही पाहिलं."

"और सिंघाड़ा?"

"तेही."

"सबको पता चल जाएगा. मेरा स्कूल है, मम्मी." ती रडायला लागली. "पापा तो वापस नहीं आएँगे."

तिचं चुकीचं नव्हतं. मी तिच्या हातातून पेन घेतला. तिचं नाव अर्जात कुठं येऊ द्यायचं नाही असं मी तिला वचन दिलं. आणि मग मी स्वतः लिहायला बसले. सातवीपर्यंत शिकलेय, मराठीत. हिंदी बोलता येते, लिहिता येत नाही. म्हणून मराठीतच लिहिलं. दोन पानं झाली. काना-मात्रा चुकले असतील.

हॉस्पिटलच्या आवकच्या खिडकीवर बाबूनं कागद पाहिला. मागे रांग होती.

"ये कौन-सी भाषा है? हिन्दी में लाइए."

"मराठी है. अक्षर वही हैं. पढ़िए, समझ में आ जाएगा."

"हम क्यों पढ़ें?"

"क्योंकि मुहर आप लगाएँगे. पढ़कर लगाइए."

रांगेतली माणसं कुरकुरायला लागली. बाबूनं चष्मा नाकावर ओढला आणि अडखळत वाचायला लागला. माझं नाव वाचलं. माझ्या नवऱ्याचं नाव वाचलं. 'आम्ही ढिवर आहोत, तळ्यात शिंगाडे लावतो' वाचलं. मग पुढची ओळ त्यानं मनात वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि आवाज एकदम खाली आणून पुटपुटला, "...मला एचआयव्ही आहे..."

त्याला वाटलं तो माझ्यावर उपकार करतोय.

"ज़ोर से पढ़िए," मी म्हटलं.

"बहनजी, पीछे लोग खड़े हैं."

"हाँ. ज़ोर से."

त्यानं वाचलं नाही. म्हणून मी वाचलं. कागद खिडकीतून परत घेतला आणि रांगेकडे तोंड करून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, मराठीत, जिथं ते समजणार नाहीत असं वाटलं तिथं हिंदीत. काही जण सरकले. एक म्हातारी पुढे आली आणि ऐकत उभी राहिली. वाचून झाल्यावर मी कागद परत आत सरकवला, आणि शिक्का मारलेली पोच हातात पडेपर्यंत खिडकी सोडली नाही.

त्याला पाच महिने झाले. उत्तर आलेलं नाही. दर सोमवारी मी पोच घेऊन त्या खिडकीवर जाते आणि नवीन बाबू असला तर त्याला पूर्ण अर्ज वाचून दाखवते, मोठ्यानं. सेंटरच्या रांगेतल्या दोन बायका आता माझ्याबरोबर येतात. त्या कागदावरचं 'शराब' खोडलं जाईपर्यंत मी जाणार आहे. सोमवार पुष्कळ आहेत.